ब्रोशरमधलं येऊर आणि टँकरची वही

पम्याला घर घ्यायचंय, पण बुकिंगचं टोकन अजून गेलेलं नाही. गेलंच तर कासारवडवलीला जाईल असं तो म्हणतो, आणि जाऊ नये असं निम्मा कट्टा म्हणतो. गेले काही शनिवार ठाण्याच्या तलावपाळीवर दुसरा विषयच नाही, म्हणून झालेलं बोलणं एकदा लिहून काढतोय. शिव्या गाळल्या आहेत.

तर पम्यापुढे घरं दोन. एक घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या आतल्या बाजूला, टॉवरमध्ये टू बीएचके. बांधकाम चालू आहे. दुसरं पाचपाखाडीत, जुन्या चार मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, लिफ्ट नाही. दोन्हीकडे आकडा 80 लाखांच्या आगेमागे. घरात तो, वहिनी, चार वर्षांची मुलगी, आणि वर्षातून दोनदा मुक्कामाला येणारे साताऱ्याचे आईबाबा.

पम्याने ब्रोशर आणलं होतं. जाड, गुळगुळीत कागद. त्यात क्लब हाऊस, स्विमिंग पूल, योगा डेक आणि पहिल्याच पानावर येऊरचा डोंगर, इतका हिरवा की वनखात्यालाही ओळखू येऊ नये. खाली लिहिलेलं, ‘उपवन तलाव फक्त 15 मिनिटांवर.’

‘कुठल्या 15 मिनिटांत?’ बंटी म्हणाला. ‘पहाटे चारला?’

नान्या लगेच उखडला. तो स्वतः वाघबीळला राहतो, त्यामुळे घोडबंदर रोडला कोणी नावं ठेवली की त्याला ती स्वतःला ठेवल्यासारखी वाटतात. ‘तुम्ही स्टेशनजवळचे लोक ना, अजून 1853 सालात आहात. बोरीबंदरहून गाडी आली ती ठाण्याला, झालं, तेवढ्यावर जगताय. आमच्याकडे मेट्रो येतेय. वडाळा ते कासारवडवली.’

‘त्या पहिल्या गाडीने बोरीबंदर ते ठाणे हे 34 किलोमीटर साधारण तासाभरात कापलं होतं,’ बंटी म्हणाला. ‘तू परवा संध्याकाळी स्टेशनवरून वाघबीळला किती वेळात पोचलास?’

नान्याने उत्तर दिलं नाही. पण मेट्रोचा मुद्दा खोटा नाही. मेट्रो 4 धावायला लागली की त्या पट्ट्याचं गणित बदलेल, हे आम्हालाही कबूल आहे. फक्त मेट्रो येईल तेव्हा येईल, हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. आणि अवजड गाड्या त्याच रस्त्याने गुजरातकडे जातात, गायमुखच्या घाटात दुरुस्ती निघाली की माजिवड्यापर्यंत खोळंबा होतो, हे ब्रोशरच्या कुठल्या पानावर असणार?

इथे काका मध्ये पडले. काका बँकेतून निवृत्त झालेत, रोज तळ्याला फेऱ्या मारतात आणि दम खायला आमच्यात बसतात. त्यांनी पम्याला विचारलं, ‘80 लाखांच्या घराला तुझ्या हातात किती लागतील?’

‘सोळा. 20 टक्के.’

‘बरं. मुद्रांक शुल्क ठाण्यात सात टक्के. म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणी 30 हजार. बांधकाम चालू आहे, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगीचा पालिकेचा दाखला, अजून नाही, म्हणजे पाच टक्के जीएसटी, 4 लाख. मुद्रांकाला बँक कर्ज देत नाही. जीएसटीही तूच भरायचा धरला तर किती झाले?’

पम्याने मोबाईल काढला. सोळाचे जवळजवळ सव्वीस झाले होते. पडदे, पंखे, वकील आणि ब्रोकर अजून यायचेच होते.

‘आता 64 लाख कर्ज. साडेआठ टक्के आणि 20 वर्षं धर. महिन्याला साडेपंचावन्न हजार. शेवटी व्याजच मुद्दलापेक्षा जास्त भरशील. त्यात गोडधोड इतकंच, की फ्लोटिंग दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही. बोनस आला की तिथे टाकायचा, गोव्याला नाही.’

‘पाचपाखाडीला जीएसटी नाही,’ मी म्हणालो.

‘नाही. जुन्या घराला नाही. पण 50 लाखांच्या वरचा व्यवहार आहे, तेव्हा विकणाऱ्याला द्यायच्या पैशांतून एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. लोक विसरतात, मग नोटीस येते.’ जाता जाता काकांनी आणखी एक सांगितलं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. म्हणजे इथे सरळ 80 हजार. पम्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि भेळवाल्याला हाक मारली.

आता माझा मुद्दा, ज्यावरून खरी भांडणं झाली. साडेपंचावन्न हजारांचा हप्ता सुरू झाला की पहिली काही वर्षं मॉल, मल्टिप्लेक्स, वीकेंडचं रिसॉर्ट हे सगळं बंद होतं किंवा मोजून होतं. मग करमणूक म्हणजे जे फुकट आहे आणि चालत जाता येतं तेच. पाचपाखाडीतून कचराळी तलाव पायी. तलावपाळीही पायी. कौपिनेश्वराचं दर्शन, गडकरी रंगायतनचं नाटक, पाडव्याची स्वागतयात्रा, दिवाळी पहाटेला राम मारुती रोडची गर्दी, मामलेदारची मिसळ, सगळं चपला घालून निघालं की आलं. यातलं बरंचसं फुकट, बाकीचं परवडणारं. म्हणून मी म्हणतो, बुधवारी संध्याकाळी सात वाजता, कामावरून आल्यावर, मुलीला घेऊन तुम्ही जिथे खरोखर जाल तेवढंच तुमचं. बाकीचं ब्रोशरचं.

‘म्हणजे तळ्याकाठी भेळ खायला 80 लाख घालायचे?’ नान्या म्हणाला. ‘आणि मुलगी दहावीला गेली की अभ्यास कुठे करणार, बोटीत? वहिनींचे सासूसासरे आल्यावर पम्या हॉलमध्ये, आईबाबा बेडरूममध्ये, आणि तिसरा मजला चढताना त्यांच्या गुडघ्यांचं काय? तुझा तलाव वर घेऊन जाणार आहे त्यांना?’

गुडघ्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीचं समर्थन तिशीतल्या माणसाने करणं सोपं असतं.

नान्याला जोर चढला. ‘येऊर आमच्या खिडकीतून दिसतं. तुम्हाला दिसतो समोरच्याचा वाळत घातलेला टॉवेल.’

‘अजून दोन वर्षांनी तुलाही टॉवेलच दिसेल,’ दीपा म्हणाली. ‘समोरचा प्लॉट रिकामा आहे ना?’

दीपा ऐरोलीला भाड्याने राहते आणि तिचं म्हणणं एका वाक्याचं आहे: आधी त्या भागात 11 महिन्यांच्या करारावर राहून बघा, मग घ्या. पम्याला हे पटत नाही, कारण मुलीची शाळा, सामानाची हलवाहलव, डिपॉझिट. दीपा स्वतः मात्र मजेत आहे. थंडीपासून खाडीत फ्लेमिंगो असतात, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून भरती बघून बोट सुटते, 2022 मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली ते तिने आम्हाला पेढे देऊन सांगितलं होतं. घर भाड्याचं, पक्षी तिचे.

बंटीने मधेच खारघरचा प्रचार केला. तो तिथे राहतो. रुंद रस्ते, सेंट्रल पार्क, 2023 च्या नोव्हेंबरपासून बेलापूर ते पेंधर मेट्रो. पांडवकड्याच्या धबधब्याचं नाव काढलं तेव्हा दीपाने विचारलं की पावसाळ्यात तिथे पोलीस सोडतात का, तेव्हा तो जरा नरमला. आणि जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर हस्तांतरणाला किती पडतात हे आधी विचारायचं, एवढं काकांनी जोडलं. पम्याचं ऑफिस विक्रोळीला आहे, त्यामुळे खारघर तिथेच संपलं.

कामाच्या गोष्टी तेवढ्या टिपून ठेवतो. महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याची साइट 2017 पासून आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की पूर्ण करायची तारीख कधी होती आणि ती किती वेळा पुढे गेली ते दिसतं. करारनामा नोंदवायच्या आधी बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेत, बाल्कनी धरत नाहीत, तेव्हा सेल्सवाला ‘यूजेबल’ म्हणाला की त्याला कार्पेटचा आकडा कागदावर लिहायला लावायचा. उघड्यावरचं पार्किंग विकता येत नाही, विकत असेल तर तिथेच ओळखा. पाचपाखाडीसारख्या जुन्या सोसायटीत पहिला प्रश्न कन्व्हेयन्सचा: जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? नसेल तर पुनर्विकासाची स्वप्नं तूर्त बाजूला ठेवायची.

हे सगळं आम्ही बोलत होतो तेव्हा वहिनी मुलीला बोटीत फिरवून आणत होत्या. त्या परत आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, ‘मी गेले होते कासारवडवलीला. परवा सकाळी.’

पम्याला हे माहीत नव्हतं.

त्या सॅम्पल फ्लॅट बघायला गेल्याच नव्हत्या. त्याच रस्त्यावर एक टॉवर आधीच राहता झालाय, त्याच्या गेटवर गेल्या आणि वॉचमनशी गप्पा मारल्या. केबिनमध्ये एक लांबट वही होती, सुतळीने पेन बांधलेली. टँकरचा नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. वहिनींनी पानं उलटली. टँकर नाही असा एक दिवस त्यांना सापडला नाही. वॉचमनला त्यात विशेष काही वाटलं नाही. उन्हाळ्यात जास्त लागतात एवढंच तो म्हणाला.

‘त्याचे पैसे मेंटेनन्समधूनच जाणार,’ काका म्हणाले.

नान्या म्हणाला, सगळीकडे तसं नाही. ते खरं असेल. पण सॅम्पल फ्लॅटच्या नळाला पाणी येतंच, त्यावरून काही कळत नाही. माझ्या मते त्या दिवशीचा एकमेव अभ्यास वहिनींनी केला होता, आम्ही बाकीचे नुसते बोलत होतो.

‘मग पाचपाखाडी,’ मी म्हणालो.

‘नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘आईंना तीन मजले नाही चढवायचे. वर्तकनगरला एक बघितलंय. म्हाडाची जुनी इमारत पाडून नवीन झालेली, लिफ्ट आहे, भोगवटा प्रमाणपत्र आहे म्हणजे जीएसटीही नाही. छोटं टू बीएचके. उपवन चालत. येऊरचा फाटा तिथून जवळ, पहाटे पक्षी बघायला जाता येईल.’

‘पार्किंग?’ पम्याने विचारलं.

‘नाही.’

‘मग गाडी?’

‘गाडी घेतलीय कुठे आपण?’

नान्याने वर्तकनगरच्या गर्दीवर काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या मनात आलं, उपवनही रविवारी संध्याकाळी काय शांत असतं? पण बुधवारी असतं, आणि माझ्याच हिशोबाने प्रश्न बुधवारचा होता.

‘किंमत?’ काकांनी विचारलं.

‘80 च्या आतच बसवू. आणि ते एक टक्क्याचं मला माहीत आहे,’ वहिनी म्हणाल्या. ‘घर माझ्या एकटीच्या नावावर.’

पम्या बराच वेळ भेळेच्या पुडीत बघत राहिला. मग म्हणाला, ‘विचार करतो.’

‘घराचा की नावाचा?’ काका म्हणाले.