मालक, मी बसू काय जरा?

परवा भर दुपारी सात रस्त्याला आमची जुनी पद्मिनी गाडी अडली. औषधं घ्यायला म्हणून मीच बंद केली होती, परत येऊन चावी फिरवली तर सेल्फ गरगर फिरतोय आणि इंजिन ढिम्म. हे नेहमी होत असतं तर काही म्हणणं नव्हतं. सकाळी एका चावीत सुरू, रात्री सुरू, आणि मिस्त्रीच्या दारात तर डॉक्टरसमोर पोरगं खोकत नाही तसं हिला काहीच होत नाही. मिस्त्री माझ्याकडे असं बघतो की तपासणीची गरज गाडीला नसून मला आहे.

बॉनेट उघडलं. सोलापुरात भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नसतं, पण बॉनेट उघडलं की माणसं कुठून येतात देव जाणे. त्यातले एक काका पांढरी टोपी, हातात कडक भाकरीची पिशवी असे थेट इंजिनात डोकावले.

"चालू होईना होय?"

"नाही ना."

"पेट्रोल हाय काय?"

"आहे."

"बगितलं काय?"

"काटा दाखवतोय की ओ काका."

"काटा कायपण दाखवतंय." टाकीचं झाकण उघडायला लावलं, नाक खाली नेऊन वास घेतला, डोळे मिटून जरा थांबले. "हाय."

मी म्हटलं आधी करंट बघू. एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनाला टेकवला आणि काकांना म्हटलं आत बसून चावी फिरवा. तर म्हणतात, "मी नाय ओ, शॉक बसंल." प्लग माझ्या हातात! शेवटी एका रिक्षावाल्याने फिरवली. ठिणगी आली, निळी, कडकडीत. म्हणजे ठिणगी पाडणारे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल त्या घटकेला तरी ठीक. त्या घटकेला म्हणतोय, कारण कॉइल आणि कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतात आणि गार झाले की साळसूद होतात, म्हणून बंद पडलेली असतानाच बघावं लागतं, म्हणजे उन्हात, म्हणजे लोकांसमोर.

मग उरलं पेट्रोल. चालती गाडी बंद केली की पंखा थांबतो, इंजिनाची धग वर येते आणि पंप इंजिनालाच चिकटलेला, त्यामुळे पंपातून कार्बोरेटरला जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ढकलायला केलेला, वाफेवर नुसता हापसत बसतो. उपाय एकच, ओलं फडकं. बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं तर काका केवढ्यानं ओरडले.

"ओ मालक, पाणी कशाला घालवायलाय! नळ कधी येतंय माहीत हाय न्हवं?"

आता यावर काय बोलणार. उजनी धरण भरलं तरी शहरात नळाला रोज पाणी नाही. उसाला मात्र आहे, त्या उसाचं इथेनॉल होतं, ते वीस टक्के पेट्रोलमध्ये येतं, आणि पंपातल्या जुन्या रबराला ते मानवत नाही, पंपाचा रबरी पडदा फुगतो, नळ्या चिरतात. म्हणजे माझ्या वाटचं पाणी फिरून माझ्याच गाडीचा पंप खायला येतं आणि तो गार करायला माझ्याकडे पाणी नाही. जुन्या गाड्यांना बिनइथेनॉलचं साधं पेट्रोल द्या म्हटलं तर पेट्रोल पंपावरचा पोरगा हसतो.

काकांचं चालूच होतं. आमच्या गिरणीच्या मॅनेजरसाहेबाकडं असलीच होती, तिला लिंबू बांधत होते. इकणार काय? किलोवर घालायची का अशीच? मी म्हटलं व्हिंटेज आहे ओ. खरं म्हणजे तीही नाही. 2021 च्या सरकारी नियमाने पन्नास वर्षं पुरी झाल्याशिवाय व्हिंटेजची नोंदणी होत नाही आणि ही 1978 ची, म्हणजे 2028 पर्यंत नुसतीच जुनी. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये बंद झाल्या तेव्हा लोकांनी हळहळ व्यक्त केली, फोटो टाकले. इथे माझी चालू असलेली आहे तर भंगारचा भाव विचारतात. चालू म्हणजे, सकाळी.

"मालक, मी बसू काय जरा? ऊन लई हाय."

बसा म्हटलं. प्लग बसवला, फडकं दाबून धरलं. काका आत बसले, पिशवी मांडीवर घेतली, स्टेअरिंगला नमस्कार केला आणि मघाशी शॉकला घाबरणाऱ्या ह्या माणसाने माझ्या परवानगीशिवाय चावी फिरवली.

सुरू! एका चावीत, मस्त आवाज.

रिक्षावाल्याने टाळी वाजवली. दोघातिघांनी काकांना हात जोडले. मी ओरडून सांगतोय की वाफ होती, नळी गार झाली, हे बघा फडकं, पण ऐकतंय कोण. काका खाली उतरले, बॉनेटवर थाप मारली, "गाडीला हात कळतंय ओ," म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात, "तुमच्या हातात नाय ते."

दुसऱ्या दिवशी एका नव्या गॅरेजला नेली, म्हटलं पडदा तरी बदलून घेऊ. पोरगा स्कॅनर घेऊन आला आणि डॅशबोर्डच्या खाली वाकून बराच वेळ सॉकेट शोधत राहिला. कार्बोरेटरची गाडी आहे, हिच्यात कॉम्प्युटर नसतो म्हटल्यावर विचारतो, "मग फॉल्ट कसा कळणार?" नंतर चावी फिरवून बघितली. लगेच सुरू झाली. "काय प्रॉब्लेम नाही की सर," म्हणाला आणि चेकिंगचे पैसे घेतले.

घरी हे सगळं सांगितलं तर बायको म्हणते, त्या काकांचा नंबर का नाही घेतला. बरं, गाडीचे त्यांनी किती सांगितले होते, ते तर मी घरी बोललोच नाही. पंधरा हजार! नुसते टायर आणि बॅटरी त्याच्यावर जातात ओ.