धुराने भरलेल्या विमानातून बॅग आणावी का? पेडण्यातल्या कट्ट्यावरचा वाद

गोव्यातल्या मोपाचा विमानतळ जानेवारी 2023मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यातल्या आमच्या कट्ट्यावर विमानांचा विषय वरचेवर निघतो. या वेळचा वाद मात्र जिवाशी संबंधित होता. आखातातून सुट्टीवर आलेल्या आमच्या एका मित्राच्या विमानात उड्डाणानंतर थोड्याच वेळात धूर पसरला, विमान माघारी फिरून उतरले आणि सर्व प्रवाशांना आपत्कालीन दारांना लावलेल्या फुगीर घसरगुंड्यांवरून खाली उतरवण्यात आले. तो सुखरूप परतला याचे समाधान आम्हा सर्वांनाच होते. परंतु उतरताना त्याने डोक्यावरच्या कप्प्यातून आपली बॅग काढून सोबत आणली होती, आणि त्यात काहीही गैर नव्हते असे त्याचे ठाम म्हणणे होते.

त्याचा पहिला राग ऑक्सिजन मास्कवरून होता. डोळे चुरचुरत होते, लहान मुले खोकत होती, तरीही कर्मचाऱ्यांनी मास्क खाली सोडले नाहीत, हा निव्वळ हलगर्जीपणा असल्याचे तो म्हणाला. आमच्यातले ज्येष्ठ असलेले भाई तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेले. त्यांचे सारे आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये गेले. त्यांनी त्याला तिथेच थांबवले. "अरे, ते मास्क धुरासाठी नसतातच. केबिनमधला हवेचा दाब घटला तर ते खाली येतात. त्यांतल्या प्राणवायूत केबिनची हवा मिसळत असते, म्हणजे धूर नाकात जायचा तो जातोच. आणि आगीजवळ जास्तीचा प्राणवायू सोडणे म्हणजे आग भडकवणे. अशा वेळी ओला रुमाल नाकातोंडावर धरून, खाली वाकून बाहेर पडायचे." उड्डाणापूर्वीच्या सूचनांत मास्क कसा लावायचा ते सांगतात, पण धुरात तो खाली येणार नाही हे सांगत नाहीत, त्यामुळे मित्राचा गैरसमज मला समजण्यासारखा वाटतो.

वैमानिक बराच वेळ काहीच बोलले नाहीत, ही त्याची दुसरी तक्रार होती. आधी विमान सांभाळायचे, मग दिशा ठरवायची आणि त्यानंतर बोलायचे, हा वैमानिकांच्या प्रशिक्षणातला क्रम आहे, आणि तो योग्यच आहे. तरीही "आपण परत उतरत आहोत" एवढे एक वाक्य केबिनमधल्या कर्मचाऱ्यांकडून तरी प्रवाशांना मिळायला हवे, या मित्राच्या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे.

खरी खडाजंगी झाली ती बॅगेवरून. "भाई, माझा पासपोर्ट, तिथला रहिवासाचा परवाना, घरच्यांसाठी घेतलेले सोने, सगळे त्या बॅगेत होते. ते जळून गेले असते तर मी नोकरीवर परत कसा गेलो असतो? दोन सेकंदांनी कुणाचे काय बिघडले?" असा त्याचा प्रश्न होता, आणि आखातातल्या नोकरीवर ज्यांची घरे चालतात त्या गोव्यातल्या कितीतरी कुटुंबांना तो पटेल.

त्यावर कट्ट्यावरच्याच मास्तरांनी हिशेब मांडला. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता देताना निम्मीच दारे वापरून, अंधारात, सर्व माणसे 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावे लागते. 2006मध्ये हॅम्बुर्ग येथे एअरबस ए380च्या चाचणीत 873 माणसे 78 सेकंदांत बाहेर पडली. त्या चाचणीत कोणीही कप्पा उघडायला थांबलेले नसते. विमानातली वाट एका माणसाच्या रुंदीची असते, त्यामुळे पुढच्याने घेतलेली दोन सेकंदे मागच्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात, आणि मागे असेच दहा जण असतील तर शेवटच्या रांगेतल्या माणसापाशी आग पोहोचलेली असते. बॅगेच्या टोकदार कडेने घसरगुंडी फाटली तर ते दारच बाद होते.

2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. उद्घोषणा यंत्रणा बंद पडली होती, आठपैकी तीनच दारे वापरता आली, तरी विमानातले सर्व 379 जण वाचले. दुसऱ्या विमानातल्या पाच जणांचा मात्र मृत्यू झाला. पेटत्या विमानातून घसरगुंड्यांवर आलेल्या प्रवाशांच्या हातांत सामान जवळजवळ दिसत नव्हते. याउलट ऑगस्ट 2016मध्ये तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेल्या एमिरेट्सच्या विमानात धूर भरत असताना लोक कप्पे उघडून बॅगा काढत होते. तिथेही सर्व 300 जण वाचले, पण काही मिनिटांतच स्फोट झाला आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाचा जीव गेला.

मित्र तरीही मागे हटेना. डिसेंबर 2016मध्ये गोव्यातल्याच दाबोळी विमानतळावर धावपट्टीवरून घसरलेल्या विमानातून उतरताना काही प्रवासी जखमी झाले होते, याची त्याने आठवण करून दिली. घाई हीसुद्धा धोक्याचीच असते, असे त्याचे म्हणणे. मुद्दा बरोबर आहे. पण घसरगुंडीवर हात मोकळे नसतील तर दुखापतीची शक्यता वाढते, म्हणून त्याच्या उदाहरणाने माझ्या मते बॅगेची बाजू आणखी कमकुवत होते.

शेवटी भाईंनी सुचवलेला उपाय मला सर्वांत उपयोगाचा वाटला. प्रवासी बोटीवर निघण्यापूर्वी किंवा निघताच प्रवाशांना एकत्र जमवून आपत्कालीन सूचना द्याव्या लागतात, तेव्हा औषधे आणि कागदपत्रे अंगावर ठेवण्याची सवय भाईंना तिथूनच लागली. विमानातही उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पासपोर्ट, परवाना व मोबाइल खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवावा, पायांत बूट असावेत आणि पुढचे व मागचे दार किती रांगा दूर आहे ते मोजून ठेवावे, असे त्यांनी सांगितले. "मग विमान कंपन्या नुसते 'सामान घेऊ नका' एवढेच का सांगतात? कागद खिशात ठेवा, असे आधीच का सांगत नाहीत?" मित्राच्या या प्रश्नावर कोणाकडेही उत्तर नव्हते.

मास्तरांना विमान उतरताना सगळे कप्पे आपोआप कुलूपबंद व्हायला हवे आहेत. लोक बंद कप्पा ओढत उभे राहून आणखी वेळ घालवतील, अशी भाईंना भीती वाटते. त्या दोघांचा हा वाद दुकाने बंद होईपर्यंत चालू होता.