खटका, पोलाद की पातळ पातं? कमी बजेटच्या चाकूवरून कट्ट्यावर झालेला वाद

विषय धाकट्याने काढला. खिशात बाळगायला घडीचा चाकू घ्यायचाय, हातात पैसे थोडेच. निवडून ठेवलेल्या चाकूचा फोटो त्याने मोबाइलवर सगळ्यांना दाखवला. काळं पातं, अर्धी धार दातेरी, बोट लावलं की फटकन उघडणारी स्प्रिंग, मुठीच्या टोकाला काच फोडायची अणी. खाली ठळक अक्षरांत ‘सर्जिकल स्टेनलेस स्टील’.

“सर्जिकल म्हणजे नक्की कुठलं?” मास्तरांनी विचारलं. त्यांची उमेदीची वर्षं वर्कशॉपमध्ये गेली आहेत, पोलादाच्या बाबतीत त्यांना मोघम बोललेलं खपत नाही.

“स्टेनलेस लिहिलंय की, मास्तर.”

“ती ग्रेड नव्हे रे. ज्याचं पोलाद बरं असतं तो नाव छापतो. १२सी२७, १४सी२८एन, ८सीआर१३एमओव्ही, डी२, असं काहीतरी. नुसतं ४४० लिहिलं असलं तरी विचारायचं, ए की सी? ४४०ए मध्ये कार्बन ०.६ ते ०.७५ टक्के, ४४०सी मध्ये १ टक्क्याच्या आसपास. धार टिकण्यात बराच फरक पडतो.”

“मग डी२ घेतो. सगळे त्याचंच कौतुक करतात.”

“घे, पण त्याला स्टेनलेस समजू नकोस. गंज रोखणारं क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं खरं, पण त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलं जातं. ओला ठेवलास तर डाग पडणार. धार मात्र छान धरतं, आणि गेली की परत लावताना तितकाच घाम काढतं.”

ताईला ही नावांची यादीच पटेना. ती डोंगरात भटकणारी, चाकू वापरून झिजवणारी. “नाव कुठलंही छापता येतं. पाणी नीट दिलेलं नसेल, म्हणजे तापवून-थंड करून नीट कडक केलेलं नसेल, तर भारीतलं पोलादही दोन दिवसांत बोथट. माझ्या स्विस व्हिक्टोरिनॉक्स चाकूचं पोलाद कुणी मिरवत नाही, कडकपणा रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास, म्हणजे मऊच. पण प्रत्येक नग सारखा निघतो आणि दगडावर चार हात मारले की पुन्हा लागतो.”

इथे मास्तरांनी मान डोलावली, कारण मुद्दा त्यांच्याच घरचा होता. पाणी कसं दिलंय हे फोटोत दिसत नाही. म्हणून पैसे कमी असतील तर वर्षानुवर्षं तेच पोलाद हाताळणाऱ्या जुन्या कारखान्याचा साधा चाकू घ्यावा, हे त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं.

पण माझं भांडण वेगळंच होतं आणि ते मी तावातावाने मांडलं. पोलादावर एवढी चर्चा करता, पात्याच्या जाडीबद्दल कुणी बोलतच नाही! धाकट्याने निवडलेल्या चाकूचं पातं पाठीशी जवळजवळ ४ मिलिमीटर. धारेच्या मागे एवढं लोखंड असलं की सफरचंद कापलं जात नाही, फुटतं. पुठ्ठ्यात पातं अडकतं आणि आपण जोर लावतो. हात कापला जातो तो अशा वेळी. पातळ पातं अर्धवट बोथट झालं तरी काम करतं. जाडं पातं नवं कोरं असतानाही कुरकुरतं. स्वस्त चाकू जाड असतात कारण जाड दिसलं की दणकट वाटतं, शिवाय पातळ घासत नेणं हे वेळखाऊ काम. घेताना पातं समोरून, टोकाकडून बघा. धारेपर्यंत निमुळतं होत जाणारं हवं.

“मग माझा हा बघा,” म्हणून अण्णांनी खिशातून ओपिनेल काढला. अण्णा लाकूडकाम करतात, त्यांची पेन्सिलही याच चाकूने तासलेली असते. बीच लाकडाची मूठ, आठ नंबर, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू बनवायला घेतला, १८९७ मध्ये एक ते बारा नंबरांची मालिका आली आणि १९५५ मध्ये मुठीच्या गळ्याशी फिरणारी लोखंडी कडी. ती फिरवली की पातं मिटत नाही. “एक पातं, एक खिळा, एक कडी, एक लाकूड. पैसा जातो तो पात्यात,” अण्णा म्हणाले.

“आणि पावसात भिजला की लाकूड फुगून उघडतच नाही,” ताई.

“फुगतं. वाळलं की उघडतो. खाचेत थोडं तेल मुरवलं तर त्रास कमी. आणि कार्बन पोलादाचा नको असेल तर स्टेनलेसमध्येही मिळतो. कार्बनवाल्याला गंज चढतो, रोज पुसायला लागतो, पण त्याच्यासारखी धार लागायला सोपी नाही.”

मग खटक्यावरून जुंपली. खटका म्हणजे उघडलेलं पातं जागेवर अडकवून धरणारी कळ. धाकट्याला तो हवाच होता, म्हणजे पातं अचानक मिटून बोटांवर येणार नाही. ताई म्हणाली, स्वस्त चाकूचा खटका नसलेलाच बरा, कारण त्याच्या भरवशावर माणूस नको तिथे जोर लावतो. बिनखटक्याच्या चाकूत पातं नुसत्या स्प्रिंगने धरलेलं असतं, हे हाताला सतत ठाऊक असतं. आपण खुपसत नाही, ओढून कापतो. मास्तर मधल्या मार्गावर. लायनर लॉक, म्हणजे मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या शेपटीमागे येऊन बसते तो, स्वस्तातही चांगला निघू शकतो, पण तपासून घ्यायचा. पट्टी शेपटीच्या जेमतेम कडेला टेकत असेल तर सटकणार. पार पलीकडच्या बाजूला जाऊन बसली असेल तर झिजायला जागाच उरली नाही. त्यांनी अण्णांचाच चाकू घेऊन तपासणी दाखवली: पातं उघडं, बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर, आणि पाठीवर अंगठ्याने बेताचा दाब. मग वरखाली आणि डावीउजवीकडे हलवून बघायचं. कुठेही खुळखुळ नको. टेबलावर पाठ आपटून बघतात काही जण, ते त्यांना अजिबात मान्य नाही. त्याने चांगला खटकाही बिघडतो.

या वादात मी ताईच्या बाजूने. खिशातल्या चाकूची नव्वद टक्के कामं म्हणजे दोरी, पुठ्ठा, फळ, पाकीट. त्यांना खटका लागत नाही. लाकूड तासायचं, दोरखंड कापायचे, तर अण्णांची कडी पुरेशी. स्प्रिंग, काच फोडायची अणी, दातेरी धार हे सगळं त्याच पैशातून बनतं ज्यातून पातं बनायला हवं. दातेरी धार तर घरच्या दगडावर लावताही येत नाही.

“आणि कायदा?” कुणीतरी विचारलं. तो जागोजागी वेगळा. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, खटका नसलेला घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. खटका आला की कारण लागतं. स्वतः राहतो तिथला नियम वाचूनच घ्यावा. विमानात केबिन बॅगेत कुठलाच नेऊ नये.

“म्हणजे काळा चाकू बाद,” धाकटा म्हणाला. “आठ नंबर घेतो, स्टेनलेस.”

“थांब,” अण्णा म्हणाले. “सगळे पैसे चाकूवर घालू नकोस. हजारच्या आसपास ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) धारेचा दगड त्याच बजेटमधून काढ. चाकू ओढून धार लावायची ती व्ही आकाराची खाच नको, ती पातं खाते. दगडावर दोन्ही बाजूंनी पंधरा ते वीस अंशांत घास, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलटा ओढ.”

“दगड येईपर्यंत?”

“चिनी मातीच्या कपाच्या तळाला बिनचकाकीचं कडं असतं, त्यावर लाव,” मास्तर म्हणाले. ताई मात्र अजून बिनखटक्याच्या व्हिक्टोरिनॉक्सवरच अडून होती. धाकट्याने विकत घेण्याआधी तिचा चाकू आठवडाभर वापरून बघावा, एवढ्यावर ती कबूल झाली.