जागा कुणाचीही असो, होर्डिंगला पालिकेची परवानगी हवीच

होर्डिंग कोसळून माणसं मेली की दोन तासांत एकच वाद सुरू होतो, जागा कुणाची? मला या वादाचा संताप येतो. फलक रेल्वेच्या जागेत उभा असेल नाहीतर एखाद्या शेतकऱ्याच्या, पडतो तो आपल्या रस्त्यावर.

घाटकोपरचंच घ्या. १३ मे २०२४ ला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर फलक कोसळला आणि १७ जण गेले. मुंबई महापालिका जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची परवानगी देते, हा १२० बाय १२० फुटांचा होता. म्हणजे क्षेत्रफळ थेट नऊपट! ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता. नंतर पालिका म्हणाली, जागा लोहमार्ग पोलिसांची, आम्ही परवानगी दिलेलीच नाही. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराच्या चौकात सिग्नलला थांबलेल्या लोकांवर होर्डिंगचा सांगाडा पडला, चौघे गेले. ती जागा रेल्वेची. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात पावसापासून आडोसा घेतलेली पाच माणसं होर्डिंगखाली चिरडली.

एवढा मोठा पत्रा म्हणजे वाऱ्यासमोर धरलेलं शीड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तो सगळा भार शेवटी येतो पायावर आणि बोल्टवर. घाटकोपरचा पाया अपुरा होता, हे पुढे तपासणीत निघालंच. आमच्याकडे हायवेच्या सर्व्हिस रोडला एक सांगाडा आहे. जवळ जाऊन बघितलं तर खालच्या प्लेटचे नट गंजून फुगलेत आणि काँक्रीटच्या एका बाजूची माती वाहून गेलीय. खाली वडापावची गाडी लागते, शाळेची पोरं रिक्षाची वाट बघत उभी असतात. मालक कोण, परवाना नंबर काय, कुठेही लिहिलेलं नाही.

दोन खोल्या वाढवायच्या तर आपण नकाशा, इंजिनिअरची सही, पालिकेचे हेलपाटे सगळं करतो. मग चार मजली इमारतीएवढा लोखंडी सांगाडा निव्वळ जाहिरात परवान्यावर का उभा राहावा? त्यालाही बांधकाम परवानगी लागलीच पाहिजे. रेल्वे, पोलीस, एसटी, हायवे, कुणालाही सूट नको.

‘तपासायला माणसंच नाहीत’ हे पालिकेचं उत्तर मला पटत नाही. २०२३ च्या शेवटी मराठी पाट्यांसाठी मुंबई पालिकेची पथकं दुकानोदुकानी फिरली. ते योग्यच होतं. पाटीवरच्या अक्षरांचा आकार तपासता येतो, तर होर्डिंगची लांबी-रुंदीही मोजता येईल.

उत्पन्न बुडेल म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे. पालिकेला शुल्क मिळतं, सोसायट्यांना भाडं मिळतं. मिळू दे की. नियमातल्या मापाचा, पक्क्या पायाचा फलक काढा असं कुणीच म्हणत नाही.

आणि तपासणीची वेळ बदला. पावसाळापूर्व कामं मे अखेरपर्यंत रेंगाळतात, पण घाटकोपर आणि किवळे दोन्ही घडलं पावसाळ्याआधीच्या वादळी पावसात. स्ट्रक्चरल ऑडिट ३१ मार्चच्या आत व्हायला हवं, आणि त्याचा अहवाल प्रत्येक सांगाड्याच्या पायथ्याशी रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत लावायला हवा. आमच्या क्षेत्रीय कार्यालयात मी हीच मागणी लेखी देणार आहे. तुमच्या भागातल्या सांगाड्यांचे फोटो काढा आणि तुम्हीही द्या.