वय सांगू नका, ऑइल फिल्टर दाखवा

नाशिकच्या कॉलेजमित्रांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. एकाला मुंबईतल्या ओळखीतून २००७ची पोर्शे केमन एस मिळतेय, नव्या मोठ्या एसयूव्हीच्या किमतीत. अर्धे म्हणतात, "घेऊन टाक भाऊ, जर्मन इंजिन आहे, मरत नाही." उरलेले म्हणतात, "पंधरा वर्षं उलटलेली गाडी म्हणजे भंगार, त्यात पैसे घालणारा वेडा." पहिलं वाक्य अज्ञानातून येतं, ते मी समजू शकतो. दुसरं मात्र वाचवत नाही. इथे स्टुटगार्टात माझ्या तळघरातल्या जागेवर २००२ची, कापडी टपाची पोर्शे बॉक्स्टर एस उभी आहे आणि ती भंगार नाही.

इथे गाडीचं वय कोणी विचारत नाही, ट्यूफ, म्हणजे सक्तीची तांत्रिक तपासणी, कधीपर्यंत आहे ते विचारतात. पाच वर्षांची गोल्फ असो की माझी बॉक्स्टर, दर दोन वर्षांनी दोघींना तीच तपासणी. ब्रेकच्या पाइपांना गंज, बॉल जॉइंटचे फाटलेले रबरी बूट, हेडलाइटचा कोन, धूर, टायरच्या नक्षीची १.६ मिलिमीटर खोली. काही निघालं तर महिन्याभरात दुरुस्त करून परत दाखवायचं. गाडी तिशीला पोचली आणि मूळ अवस्थेत असली की 'एच' म्हणजे ऐतिहासिक गाडीचा नंबर मिळतो, मग वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो आणि शहरातल्या उम्वेल्टझोनमध्ये, म्हणजे जास्त धुराच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागात, हिरव्या स्टिकरशिवाय मुभा. म्हणजे नीट सांभाळलेल्या म्हाताऱ्या गाडीचा सरकार मान राखतं.

आपल्याकडे काय आहे ते पाहा. पंधरा वर्षांनी आरसी संपते, मग फिटनेस काढून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ला कारची ही फी ६००वरून ५,००० झाली, आयात गाडीची ४०,०००. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी दुप्पट केली: कारला १०,०००, आयात कारला ८०,०००. पन्नाशी गाठली तर २०२१च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. वीस ते पन्नास या मधल्या तीस वर्षांत गाडीला वाली नाही, फक्त चढी फी. दिल्लीतली पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची बंदी नाशिकला लागू नाही, तरी ग्रुपवर बोलताना सगळे दिल्लीच्याच भीतीने बोलतात. जर्मनीनेही २००९मध्ये नऊ वर्षांवरच्या गाड्या मोडीत काढायला २,५०० युरो दिले होते, हे कोणीतरी मला सुनावलंच. दिले होते. पण ज्याला द्यायची त्याने गाडी दिली, कोणाच्या दारातून उचलून नेली नाही.

आता "इंजिन मरत नाही" म्हणणाऱ्यांसाठी. मरतं, आणि कसं मरतं ते नीट माहीत आहे.

१९९७ ते २००८च्या बॉक्स्टर-केमनच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांत क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या, खाली एक मधला शाफ्ट असतो. क्रँक त्याला साखळीने फिरवतो आणि तो पुढे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या साखळ्या फिरवतो. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला दोन्ही बाजूंनी सील असलेलं बॉल बेअरिंग बसवलंय. वर्षं गेली की सील कडक होतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, इंजिनचं ऑइल आत शिरतं आणि तिथेच अडकून खराब होतं. बेअरिंग झिजलं की शाफ्ट डगमगतो, साखळी सैल होते, टायमिंग चुकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. इंजिन संपलं. त्याआधी आवाज येईलच, याची खात्री नाही.

साधारण २०००पर्यंतच्या इंजिनांत दुहेरी रांगेचं बेअरिंग आहे, ते बऱ्यापैकी टिकतं. त्यानंतर २००५पर्यंत एकेरी रांगेचं आलं, सगळ्यात जास्त घात त्यानेच केला. माझ्या बॉक्स्टरच्या वर्षांत तेच येतं. २००६ ते २००८मध्ये बेअरिंग मोठं केलं, त्याचा त्रास कमी आहे, पण ते बदलायचं तर इंजिनचे दोन भाग वेगळे करावे लागतात. ग्रुपवरची केमन या गटातली. २००९पासूनच्या इंजिनात हा शाफ्टच नाही, त्यामुळे बजेट ताणता येत असेल तर ताणून २००९ची किंवा नंतरची बघा, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

एकेरी बेअरिंग बदलण्याची रीत अशी. गाडी लिफ्टवर, गिअरबॉक्स खाली, क्लच आणि फ्लायव्हील बाहेर. क्रँक टॉप डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना, पिनेने अडकवायचा, कॅमशाफ्टही जागेवर लॉक करायचे, मगच साखळीचे टेन्शनर सैल करायचे. ही पायरी चुकली की टायमिंग सरकतं आणि केलेलं काम अंगावर येतं. झाकण काढून जुनं बेअरिंग पुलरने ओढायचं. नवं आधी फ्रीझरमध्ये ठेवायचं, म्हणजे आकसून जागेवर बसतं. एवढं उघडलंच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेट त्याच वेळी बदलायची, कारण पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे सगळी मजुरी नव्याने. पण हे सगळं करण्याआधी ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या पसरून पाहायच्या. चमकदार कण दिसले आणि ते चुंबकाला चिकटले तर नवं बेअरिंग बसवून उपयोग नाही. तो चुरा आधीच तेलाबरोबर सगळ्या इंजिनभर फिरून आलेला असतो, आता इंजिन उघडावंच लागेल.

२००७च्या केमनचा मोठा धोका मात्र सिलिंडरचा आहे. आतल्या भिंतीवर उभे ओरखडे पडतात, जास्त करून चार, पाच आणि सहा नंबरच्या सिलिंडरमध्ये. गार इंजिनावर जोर देणं हे त्याचं मोठं कारण. गरम झाल्यावर आयडलला टकटक ऐकू येते, तेल वाढत्या प्रमाणात खाते, एका बाजूचे स्पार्क प्लग काळे आणि तेलकट निघतात. प्लग काढून पिस्टन तळाला आणायचा आणि बोअरस्कोपने, म्हणजे नळीच्या टोकावरच्या बारीक कॅमेऱ्याने, भिंत पाहायची. खालचं ऑइल पॅन उतरवून पाहिलं तर आणखी स्वच्छ दिसतं. एक-दोन तासांचं काम, पण ते न करता पैसे देणं मला मान्य नाही.

आणि इंजिनच्या कंप्युटरमध्ये दोन आकडे असतात, ते पोर्शेचं निदान यंत्र लावून वाचता येतात. एक, मर्यादेबाहेर आरपीएम किती वेळा गेलं आणि तेव्हा इंजिनचे किती तास झाले होते. दुसरा, एकूण किती तास इंजिन चाललं. मीटरवरच्या किलोमीटरला तासांनी भागा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्येही ताशी वीस-पंचवीसची सरासरी पडते. उत्तर दहा-बारा आलं तर मीटरला कोणीतरी हात लावलाय असं धरून चाला.

आपल्याकडच्या जाहिरातींत "फक्त ८,००० किमी, गॅरेजमध्येच उभी" हे भूषण म्हणून लिहितात. या गाड्यांत ते भूषण नाही. उभ्या गाडीचे सील सुकतात, बॅटरी बसते, टायर चपटे पडतात, तेलात ओलावा साचतो. हे इंजिन आठ लिटरच्या वर तेल घेतं, आणि ते आठ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, बदलायचं. वर्षात हजार किलोमीटर चालली तरी बदलायचं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांवर गेलेला टायर नक्षी पूर्ण असली तरी काढून टाकायचा. समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर १२०ने जाताना हा आकडा फार महत्त्वाचा आहे.

नाशिकपुरतं बोलायचं तर पहिला शत्रू पालापाचोळा. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत एसीचे कंडेन्सर आणि त्यांच्यामागे रेडिएटर असतात. पानं आणि धूळ तिथे साचते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो, कंडेन्सर कुजतो आणि मेमध्ये पारा चाळिशीला गेला की इंजिन तापतं. बंपर काढून वर्षातून दोनदा साफ करा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमाराला. बॉक्स्टर असेल तर ती गंगापूर रोडच्या गुलमोहराखाली लावूच नका. टपाच्या कडेच्या पाणी जाण्याच्या नळ्या पाकळ्यांनी तुंबतात, पाणी आत उतरून सीटखाली जातं, आणि चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरचं युनिट तिथेच असतं. ते भिजलं की गाडी चालूच होत नाही आणि मेकॅनिक उगाच पेट्रोल पंप बदलत बसतो. पावसात इंजिन मिसफायर झालं तर आधी इग्निशन कॉइलवर बारीक तडे आहेत का ते बघा. सकाळी स्टार्ट करताच मागून पांढऱ्या धुराचा लोट आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणारा एअर-ऑइल सेपरेटर असतो, आतला पडदा फाटलेला. वॉटर पंपाचा पंखा प्लास्टिकचा आहे. तो मोडला की तुकडे कुलंटच्या वाटांत जाऊन बसतात, म्हणून तो बिघडायची वाट न बघता चार-पाच वर्षांनी बदलायचा.

पेट्रोलच्या बाबतीत मला आपल्या लोकांबद्दल खरंच वाईट वाटतं. इथे पंपावर ई५ आणि ई१०, म्हणजे पाच आणि दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल, शेजारीशेजारी असतात, मी ९८ ऑक्टेनचं सुपर प्लस भरतो आणि पुढे निघतो. आपल्याकडे ई२० सरसकट झालं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेलेच नाहीत, शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, महिनोन्महिने उभी करू नका, इंधनाच्या नळ्यांना दर सर्व्हिसला हात लावून बघा. इंजिनजवळ मऊ पडलेली किंवा चिरलेली नळी म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

नाशिकची एक गोष्ट मात्र इथल्यापेक्षा नक्की चांगली: हवा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते ब्रेकच्या पाइपांना आणि खालच्या बोल्टना खातं. त्यासाठीच माझी गाडी ०४-१०च्या नंबरवर, म्हणजे फक्त एप्रिल ते ऑक्टोबर चालवायच्या परवान्यावर, आहे. नाशिकच्या गाडीचा खालचा भाग वीस वर्षांनीही कोरडा राहू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे हात. अधिकृत वर्कशॉप इथे तासाला दीडशे युरोपेक्षा जास्त घेतं. सातपूर-अंबडमध्ये लेथवर मायक्रॉनमध्ये मापं धरणारी माणसं आहेत, सातपूरच्या मायकोत, म्हणजे बॉशच्या कारखान्यात, डिझेलचे इंजेक्टर बनतात, आणि त्याच बॉशचा मोट्रॉनिक कंप्युटर माझ्या गाडीचं इंजिन चालवतो. असलं कसब असलेल्या गावाने "जुनं म्हणजे भंगार" म्हणावं याचाच मला राग येतो. कमी आहे ती कागदाची सवय. कधी काय बदललं, किती किलोमीटरला, कोणत्या पार्ट नंबरचं, हे लिहून ठेवणं. इथे शेकहेफ्टचा, म्हणजे सर्व्हिसच्या वहीचा, एक शिक्का चुकला तरी गाडीची किंमत उतरते.

एवढं करून मिळतं काय? बॉक्स्टर एसचं वजन साधारण १,३०० किलो, टर्बो नाही, स्टिअरिंग हायड्रॉलिक. पुढचं चाक खडीवरून गेलं की डांबरावरून, ते तळहाताला कळतं. साडेचार हजाराच्या पुढे सहा सिलिंडरांचा आवाज बदलतो आणि ७,२०० पर्यंत चढत जातो. आजच्या गाड्या दुप्पट ताकदीच्या आहेत, पण त्या चालवणाऱ्याला हे सांगत नाहीत. स्टुटगार्टजवळच्या श्वेबिश आल्ब डोंगरांतल्या वळणांवर मला वारंवार वणीहून सापुताऱ्याला चढणारा रस्ता आठवतो, आणि हा आनंद तिथे मिळाला असता तर काय, असं वाटत राहतं.

ग्रुपवर मला उत्तर मिळालं, "तुला तिथे बसून बोलायला काय जातं." ते लागलं, कारण त्यात तथ्य आहे. मला पार्ट नंबर सांगितला की दुसऱ्या दिवशी काउंटरवर पार्ट मिळतो, तपासणीची तारीख फोनवर मिळते, रस्ता खड्ड्यांचा नाही. यात माझं कर्तृत्व थोडं आहे, या शहराचं जास्त. तिथे माझ्या मित्राला हेच करायला माझ्या तिप्पट जिद्द लागेल. आणि आणखी एक. घरी परत येण्याचा विषय निघाला की मी गाडीचं कारण पुढे करतो: डाव्या स्टिअरिंगची, तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आणता येत नाही. कारण खरं आहे. पण गाडी विकता येते, हे आईलाही कळतं आणि मलाही. ज्या गोष्टी तिथे नीट चालत नाहीत त्यांच्यावर मी इथून इतकं बोलतो, त्यामागे न परतण्याची सबब शोधणंही असतं. पण म्हणून पंधरा वर्षांचा नियम बरोबर ठरत नाही.

तेव्हा मित्रा, केमन बघायला जाशील तेव्हा इंजिन गार असताना जा, आधीच तापवून ठेवलेली गाडी बघू नकोस. विकणारा फिल्टर कापू देत नसेल, बोअरस्कोप लावू देत नसेल, तर गाडी त्याच्याकडेच राहू दे. सगळं स्वच्छ निघालं तर किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेव आणि २०२७मध्ये गाडीला वीस पूर्ण झाली की नूतनीकरणाच्या ८०,०००चीही तरतूद कर. चॅसी नंबर मला पाठव. डिसेंबरात येतोय, सहा कॉइल, सेपरेटर आणि वॉटर पंप बॅगेत बसतात. कंडेन्सर बसत नाहीत, ते तुला तिथूनच मागवावे लागतील.