पाणबुडीत बाइकचं इंजिन बसवू नका: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली, मिरज, इस्लामपूर, कराडच्या ग्रुपांवर सध्या ‘घरच्या घरी पाणबुडी’ नावाचा मेसेज फिरतोय. सोबत एक चित्रही आहे. मजकूर थोडक्यात असा: जुन्या मोटारसायकलचं १०० सीसी इंजिन घ्या. हवेसाठी दोन इंची पाईप केबिनमधून पाण्यावर काढा, धुरासाठी दुसरा. दहा फुटांखाली जायचं नाही, त्यामुळे धोका नाही. विजेची मोटर पाण्यात शॉक देते, ती टाळा. नौदलाच्या पाणबुड्याही डिझेलवरच चालतात.

त्याखाली आयटीआय-डिप्लोमाच्या पोरांनी ‘सुट्टीत करूया’ असं लिहिलंय. या पोरांना पत्रा वाकवता येतो, वेल्डिंग येतं, इंजिन उतरवता येतं. ती खरोखरच बनवतील, म्हणून मला काळजी वाटते. मी मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. मेसेजमधला एकेक मुद्दा घेतो.

‘पाईप वर असला की हवा मिळते’

१०० सीसीचं चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना, मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास हवा ओढतं. शांत बसलेल्या माणसाला सात-आठ लिटर पुरतात. माणूस, इंजिन, टाकी बसवून अशा पाणबुडीत मोकळी जागा उरणार दीड हजार लिटरची.

आता पाईपचं तोंड लाटेखाली गेलं असं धरा. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, तापोळ्याकडे दुपारी वारा सुटला की एवढी लाट सहज उठते. पाईप उघडाच असेल तर त्यातून मिनिटाला शेकडो लिटर पाणी आत येईल, आणि दर शंभर लिटरला शंभर किलो वजन वाढेल. पाणी थोपवायला व्हॉल्व्ह लावला असेल तर तो बंद होईल, पण इंजिन चालूच राहील आणि केबिनमधली हवा ओढत राहील. एका मिनिटात आतला दाब दहा टक्क्यांनी उतरेल. ६० सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर या दहा टक्क्यांचा भार पावणेतीनशे किलोंच्या वर जातो. पाणबुडी पृष्ठभागावर तरंगत असली तरी आतल्या माणसाला ते झाकण बाहेर ढकलता येणार नाही. आधी दाब सारखा करणारा कॉक उघडावा लागतो, आणि मेसेजमधल्या चित्रात तो कॉकच नाही.

‘धूर दुसऱ्या पाईपने जातो’

सगळा जात नाही. सायलेन्सरचा जोड, गॅस्केट, वेल्डिंगची शिवण, यातलं काहीतरी थरथरीने सुटतंच. रस्त्यावर त्याचा फक्त आवाज येतो. बंद डब्यात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो.

हिशोब करून बघा. २००० नंतरच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या दुचाकीला पीयूसीत ३.५ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. असा एका मिनिटाचा धूर, म्हणजे दीडशे लिटर, दीड हजार लिटरच्या केबिनमध्ये मिसळला तर हवेत ०.३ टक्क्यांहून जास्त विष होतं. एवढ्या प्रमाणात पाच-दहा मिनिटांत डोकं गरगरतं आणि अर्ध्या तासात माणूस मरतो. त्याच्या कितीतरी आधी हातपाय ऐकेनासे होतात, म्हणजे झाकण उघडायचं सुचलं तरी हात चालत नाही.

पेट्रोलची वाफ हा आणखी वेगळा धोका. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून तळाशी साठते, आणि हवेत जेमतेम दीड टक्का झाली की ठिणगीने स्फोट होतो. सुरुवातीच्या ब्रिटिश पाणबुड्या पेट्रोलवर चालायच्या. १९०५ मध्ये त्यातल्या ए-५ या पाणबुडीत पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊन सहा खलाशी गेले. पुढे नौदलं डिझेलकडे वळली.

‘नौदलाच्याही डिझेलवरच चालतात’

अर्धवट खरं आहे, म्हणूनच ते पटतं. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. डिझेल इंजिन फक्त बॅटऱ्या चार्ज करायला, तेही पृष्ठभागावर किंवा स्नॉर्केलचं, म्हणजे हवा ओढायच्या नळीचं, तोंड पाण्याबाहेर असताना. खाली गेल्यावर इंजिन बंद, पाणबुडी ढकलणारा पंखा (प्रोपेलर) बॅटरीच्या मोटरवर. आणि स्नॉर्केलला प्रशिक्षित माणसंही घाबरून असतात. २००३ मध्ये चीनच्या ३६१ क्रमांकाच्या पाणबुडीतले सत्तर जण गेले. चीनने यंत्रबिघाड एवढंच सांगितलं. हवेचा मार्ग बंद झाल्यावरही चालू राहिलेल्या डिझेल इंजिनाने आतली हवा संपवली, असं बरेच जाणकार मानतात.

‘विजेची मोटर शॉक देते’

देते, चुकीची लावली तर. बोअरची सबमर्सिबल पाण्यातच चालते, मग तीच इन्व्हर्टरवर लावू, असंही एकाने लिहिलंय. ती २३० किंवा ४१५ व्होल्टची. केबलचा जोड भिजला तर जीव जाईल. शिवाय ती २८८० फेऱ्यांवर फिरते. पाणबुडीच्या पंख्याला सावकाश फिरणारी मोटर हवी.

हवी ती २४ किंवा ४८ व्होल्टची डीसी मोटर. लहान बोटींना लावायच्या ट्रोलिंग मोटरवर जगभरच्या हौशी पाणबुड्या चालतात. मोटरच्या बॉडीत तेल भरून बाहेरचा-आतला दाब सारखा ठेवला की पाणी अडवणाऱ्या सीलवर ताण येत नाही. एक-दोन एचपी भरपूर झाली. वेग दुप्पट करायला ताकद आठपट लागते, म्हणून मोठ्या इंजिनाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

खरी जोखीम बॅटरीत असते. चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत चार टक्के झाला की पेटतो. म्हणून चार्जिंग सगळी झाकणं उघडी ठेवून, किनाऱ्यावरच. बॅटऱ्या माणसाच्या केबिनमध्ये नकोत, वेगळ्या बंद कप्प्यात हव्यात. फ्यूज टर्मिनलच्या अगदी जवळ आणि डीसीचाच. एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी तोडेलच असं नाही.

‘दहा फुटांत काय होतंय’

दहा फुटांवर त्याच ६० सेंटीमीटरच्या झाकणावर साडेआठशे किलो भार असतो. आणि एका माणसाच्या श्वासातून तासाला वीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे दीड हजार लिटरच्या केबिनमध्ये तासाभरातच सव्वा टक्क्याच्या वर. मोटर कोणतीही असो, हे टळत नाही.

म्हणून वर येणं मोटरवर सोपवू नका. तळाला बाहेरून शिशाचं वजन बांधा, जे आतून एक दांडा फिरवला की सुटून पडेल. वजन सुटल्यावर पाणबुडी मोटर बंद असतानाही आपोआप वर आली पाहिजे. ही चाचणी आधी आत माणसाऐवजी वाळूची पोती ठेवून, दोर बांधून, दांडा बाहेरून दोरीने ओढून करा. पाटबंधारे खात्याची परवानगी घेतल्याशिवाय धरणात उतरू नका. कृष्णेत औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत, तिथे तर मुळीच नको.