इंग्रजांना पडद्यावर कसं हरवावं

तुमच्याकडे निर्माता आहे, दाढी राखलेला नायक आहे, ड्रोन आहे आणि इंग्रजांवर राग आहे. म्हणजे कंपनी सरकारविरुद्धच्या लढाईचा चित्रपट काढायला लागणारं सगळं भांडवल जमलं. राहता राहिला इतिहास. एका चित्रपटावर मी दोन दिवस इतिहास-सल्लागार होतो (श्रेयनामावलीत माझं नाव जनरेटरवाल्याच्या खाली आणि जेवणवाल्याच्या वर येणार होतं), त्यामुळे या राहत्या गोष्टीबद्दल चार शब्द सांगायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालतो.

सगळ्यात आधी धुराचा बंदोबस्त करा. ठासणीच्या बंदुकीचं काम असं असे : काडतूस दाताने फाडायचं, चिमूटभर दारू रंजक म्हणून कानाशी घालायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी, मग गज घालून ठासायचं आणि शेवटी चाप. चांगला कसलेला शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढी. आणि अशा शेकडो बंदुकांच्या चार फैरी झाल्या की काळ्या दारूचा धूर असा दाटे की शत्रू राहू द्या, शेजारचा सोबतीही दिसेना. आता तुम्हीच सांगा, नायकाच्या ज्या दंडांवर सहा महिने व्यायामशाळेत खर्च झाला, ते दंड असल्या धुरात घालवायचे? तेव्हा धूर मागे, लांब, कुठेतरी सत्यनारायणाची पूजा चाललीय इतपतच असावा.

बंदूकही नायकाला शोभेलशी द्या. १८५७ च्या प्रसंगात १८९५ नंतरची ली-एनफिल्ड खुशाल द्या, कारण तिचा बोल्ट मागे ओढताना जो खटका वाजतो त्याला हमखास शिट्टी पडते. खरी १८५७ ची एनफिल्ड तोंडाकडून भरायची होती. तिचं काडतूस दाताने फाडावं लागे आणि त्याला गाईची नि डुकराची चरबी लावलीय असा बोभाटा झाला, म्हणून तर ठिणगी पडली. म्हणजे नायकाच्या हातातली बंदूक त्या काळी खरंच असती, तर काडतूस तोंडाला लावायची वेळच आली नसती आणि तुमच्या चित्रपटाला विषय उरला नसता. पण हा हिशेब प्रेक्षकाने करायचं ठरवलं, तर मध्यंतरात समोसे कोण खाणार?

तोफेचा गोळा पडला की फुटलाच पाहिजे. माणसं दोन्ही बाजूंना कमानीसारखी उडाली पाहिजेत. मैदानावर बहुतेक काम भरीव लोखंडी गोळ्याचं असे, हे कुणाला सांगू नका. तो फुटत नसे. जमिनीवर टप्पे घेत यायचा आणि रांगेत उभ्या असलेल्या पाच-सहा जणांचे पाय घेऊन पुढे जायचा. हे दाखवायला स्वस्त आहे आणि बघायला भयंकर. पण टप्पे घेत येणारी वस्तू दिसली की आपला माणूस झेल घ्यायला धावतो, म्हणून टाळलेलं बरं.

तुमच्या सहायकाने चुकून पेशवाईतले कागद वाचले आणि ‘बाणांचा मार बहुत दिला’ अशा चालीचं काही टिपून आणलं, तर त्याला शाबासकी द्या आणि लगेच धनुर्धाऱ्यांची रांग उभी करा. त्या कागदांतला बाण म्हणजे नळीत दारू ठासून, वात पेटवून सोडायचा अग्निबाण, आजच्या भाषेत रॉकेट. पण हे सांगायला गेलात तर मराठ्यांकडे रॉकेटं होती हे दाखवावं लागेल. मग ‘तलवारीच्या जोरावर तोफांशी लढलेले आपण’ हा ट्रेलरमधला संवाद कापावा लागेल, आणि तो तर आधीच रेकॉर्ड झालाय.

झेंडा, पत्र आणि घोडा या तीन गोष्टींवर फार वेळ घालवू नका. आजचा युनियन जॅक १८०१ सालचा. त्यातल्या तांबड्या तिरप्या पट्ट्या आयर्लंडच्या, त्या आधी नव्हत्या. तरी १७५७ च्या प्लासीला तोच लावा, दुकानात दुसरा मिळत नाही. पत्र मोडीत असेल तर प्रेक्षकाला वाचता येणार नाही, म्हणून ते स्वच्छ देवनागरीत, संगणकाच्या फॉन्टमध्ये छापून कागदाच्या कडा चहात बुडवाव्यात. मिती मात्र शके किंवा सुहूर सनात नको, सरळ ‘५ नोव्हेंबर’ लिहा. घोडा उंच हवा. भीमथडीच्या ज्या बुटक्या, काटक तट्टांवर मराठे हिंदुस्थानभर फिरले, तसल्या तट्टावर सव्वासहा फुटी नायक बसवला तर त्याचे पाय जमिनीला टेकायचे.

आता मुख्य मुद्दा, लढाई हरायची कशी. जिंकण्याचं तंत्र सोपं आहे, नायकाने ओरडायचं. हरायला कारण लागतं, आणि पडद्यावर कारण एकच चालतं : फितुरी. फितूर माणूस निर्मितीच्या दृष्टीने फार किफायतशीर. एक नट, एक कुत्सित हसू, अंधारात एक थैली. प्लासीला मीर जाफर होताच, म्हणून प्रत्येक लढाईला एकेक मीर जाफर शिवून घ्या. त्याच प्लासीला दुपारी पाऊस आला, कंपनीच्या लोकांनी आपली दारू ताडपत्रीखाली झाकली आणि नवाबाच्या तोफखान्याची भिजली, ही गोष्ट मात्र दाखवू नका. ताडपत्रीवर पोवाडा रचता येत नाही.

असईची लढाई घेतलीत तर हे तंत्र पणाला लागेल. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा नदीच्या काठी. पलीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, अलीकडे आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूवाला वेलिंग्टन झाला. वाटाडे सांगत होते की उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, फक्त शत्रूच्या तोफांसमोर आहे, बाकी कुठे नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर खाली नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावं, अगदी समोरासमोर. तो म्हणाला, इतकी जवळ वसलेली गावं एकमेकांकडे ये-जा केल्याशिवाय राहतील का? म्हणजे उतार असणारच. तिथूनच फौज पार झाली.

या प्रसंगाइतका मराठी प्रसंग दुसरा नाही. काठाच्या दोन गावांत सोयरीक असणार, लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या असणार, बैलगाड्या जातच असणार, हे आपल्या कोणत्याही म्हाताऱ्याने दुर्बिणीशिवाय सांगितलं असतं. पण एका इंग्रजाने आपली गावकी आपल्याहून बरी ओळखली, असं दाखवलंत तर तिकीटबारीवर दगड पडतील. तेव्हा इथे सरळ एक फितूर घाला, त्याने कंदील हलवून उताराची वाट दाखवावी. लढाई दुपारची आहे. तरी कंदील असू द्या.

त्याच लढाईत शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेल्याचं सोंग घेऊन पडले, इंग्रजांची रांग पुढे निघून गेल्यावर उठले आणि तोफा फिरवून मागून मारा केला. कंपनीचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. असं सांगतात की म्हातारपणी वेलिंग्टनला विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लू नव्हे, असई म्हणाला. शत्रूने दिलेलं एवढं मोठं प्रशस्तिपत्र पडून आहे, पण ते मिळालं हरलेल्या लढाईत, आणि ते मिळवणारे गोलंदाज पगारी, बिननावाचे. त्यांच्यासाठी गाणं कोण लिहिणार?

जिंकलेलीच लढाई हवी असेल तर वडगाव आहे, पण त्यातही अडचण आहेच. जानेवारी १७७९. मुंबईकर इंग्रज राघोबादादांना घेऊन, बोरघाट चढून पुण्यावर निघाले. फौजेच्या कारभारावर चक्क एक समिती नेमलेली, बरोबर हजारो बैल, चाल मुंगीची. मराठ्यांनी काय केलं? वाटेतला चारा जाळला, तळेगाव रिकामं करून पेटवून दिलं, रसद तोडली आणि रोज थोडं थोडं छळलं. इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून रातोरात माघार घेतली, वडगावला कोंडले गेले आणि तहावर सही केली. कंपनीने तो तह पुढे धाब्यावर बसवला, ते सोडा. इथे नायक काय करताना दाखवणार? गवत जाळताना? तुमचे साहसदृश्य-दिग्दर्शक दक्षिणेतून आलेत, ते कडब्याच्या गंजीपुढे उभे राहून काय करतील? म्हणून शेवटची वीस मिनिटं दोन सेनापतींचं द्वंद्व ठेवा, पावसात. जानेवारीत मावळात पाऊस नसतो, तरी ठेवा.

खडकी तर हातच लावू नका. ५ नोव्हेंबर १८१७ ला बापू गोखल्यांचे घोडेस्वार भरधाव निघाले आणि इंग्रजांच्या रांगेपुढच्या चिखलात रुतले. दुसरे बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. चिखलात रुतलेला घोडा संथ गतीत दाखवायला गेलं तर तो आधीच संथ असतो.

खलनायक इंग्रज ‘टुम काला आडमी’ असंच बोलला पाहिजे. मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतलाच अधिकारी. त्याने १८३१ साली केलेला मराठी-इंग्रजी कोश शब्द अडला की आपण आजही उघडतो. पण तुमच्या पटकथा-लेखकापेक्षा बरं मराठी जाणणारा साहेब दाखवणं व्यवहाराला धरून नाही. तसंच त्या कॅप्टन स्टुअर्टचं. वडगावच्या त्याच मोहिमेत तो कार्ल्याजवळ मारला गेला. इतका बेडर की आपल्याच लोकांनी त्याचं ‘इष्टुर फाकडा’ करून टाकलं, आणि वडगावात त्याचं थडगं अजून दाखवतात. शत्रूला फाकडा म्हणायची ऐपत त्या पेशवाईत होती. आजच्या चित्रपटाचं अंदाजपत्रक शंभर कोटींचं असलं तरी तेवढं परवडत नाही.

आणि हे फक्त आपणच करतो असं वाटून खंत करू नका. साहेबाने १९६४ साली ‘झुलू’ नावाचा चित्रपट काढला. त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा हेन्‍री हूक हा शिपाई दारुडा आणि कामचुकार दाखवला. खरा हूक दारूला शिवत नसे. त्याच्या म्हाताऱ्या मुली पहिल्याच खेळातून उठून गेल्या म्हणतात. जिंकलेल्यांनी आपल्याच माणसाचं असं केलं, तर हरलेल्यांनी किती करावं याला काही मर्यादा नाही.

आता सगळ्यात नाजूक सल्ला. समोरच्या फौजेत शक्य तितके गोरे भरा. १८५७ च्या सुमारास कंपनीच्या पदरी एका गोऱ्या शिपायामागे पाच-सहा देशी शिपाई होते. असईला वेलस्लीच्या गोऱ्या पलटणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, बाकी सगळ्या मद्रासकडच्या. शिवाय वसईच्या तहानंतर खुद्द पेशव्यांचे स्वार इंग्रजांच्या बाजूने आलेले. उलट शिंद्यांच्या कवायती कंपूवर, म्हणजे युरोपी कवायत शिकवलेल्या पलटणींवर, पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. (गटबाजीला आपण कंपू म्हणतो तो शब्द याच छावणीतला.) कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या हे प्रेक्षकाला कळेना झालं तर तो वाजवणारच नाही. आणि एकदा हे शिपाई दिसले की पुढचा प्रश्न येतो, ते तिकडे का गेले? उत्तर फारसं चित्तथरारक नाही. कंपनी पगार बऱ्यापैकी वेळेवर देई. आपल्याकडे पगार वर्षावर्ष तुंबे. मग शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत, हिशेब मिटेपर्यंत त्याला जेवू देत नसत. शेजेवर तलवार ठेवून झोपणाऱ्या नायकाला उपाशी ठेवणारे शिपाई दाखवाल?

त्या चित्रीकरणावर मी दुसऱ्या दिवशी हेच सांगत होतो. ऐकायला फक्त जेवणवाला होता. जमवलेली माणसं कमी पडली होती, म्हणून सकाळी मावळे झालेल्यांपैकी चाळीस जणांना दुपारी लाल कोट चढवले. कोट एकाच मापाचे, कुणाचं मनगट बाहेर तर कुणाची बोटंही आत. पुढच्या रांगेत आठ गोरे पर्यटक, मागे हे चाळीस, तोंडं ओळखू येऊ नयेत म्हणून टोप्या खाली ओढून. त्यातला एक माझ्याकडे आला. “सर, सकाळी मी तिकडून मेलो. आता इकडून मारायचंय म्हणतात. पण समोर माझा मेव्हणा आहे, त्याला मारू का नको?”

दोन दिवसांच्या त्या सगळ्या खटाटोपात इतिहासाला धरून असलेली ती एकच गोष्ट होती. मी दिग्दर्शकाला तसं सांगितलंही. तो म्हणाला, “मेव्हण्याला फ्रेमबाहेर घ्या.”

संध्याकाळी कळलं की माणसं पुरवणाऱ्याकडे दोन दिवसांचे पैसेच पोचलेले नाहीत. लाल कोट आणि अंगरखे असे सगळे नायकाच्या व्हॅनिटी व्हॅनच्या दारात मांडी घालून बसले. आतून नायकाचा उकडलेला चिकनचा डबा बाहेर येईना, बाहेरचा सलादचा आत जाईना. मेव्हणे-मेव्हणे एका बाटलीतून पाणी पीत होते. प्रॉडक्शनचा माणूस घाम पुसत माझ्याकडे धावला. “सर, तुम्ही इतिहासाचे ना, तुम्ही यांना समजवा.”

माझेही दोन दिवसांचे पैसे बाकी होते. मी चपला काढल्या आणि लाल कोटाशेजारी जाऊन बसलो.